बास मासेमारी: पहिली रॉड आणि छोटी होडी कोणती घ्यावी? (डॅलस परिसर)

फ्रिस्कोकर

नमस्कार मंडळी. मी डॅलसच्या उत्तरेला फ्रिस्कोमध्ये राहतो. मुलगा दहा वर्षांचा आहे. शेजाऱ्यांनी त्याला एकदा तळ्यावर नेलं आणि तेव्हापासून घरात लार्जमाउथ बास (गोड्या पाण्यातला मोठ्या तोंडाचा मासा) सोडून दुसरा विषय नाही. आता मलाही गोडी लागली आहे. मासे धरायचे आणि सोडून द्यायचे, एवढं दोघांचं ठरलंय.

दुकानात गेलो तर एवढ्या रॉड आणि रीलं (लाइन गुंडाळायची चाकं) पाहून काहीच न घेता परत आलो. दीड हजार डॉलरमध्ये दोघांचं सामान आणि एक छोटी होडी बसेल का? कायाक घ्यावी, हवा भरायची होडी, की ॲल्युमिनियमची जॉन बोट (सपाट तळाची होडी)? गाडी मध्यम आकाराची एसयूव्ही आहे, ट्रेलर नाही. ड्राइव्हवेमध्ये होडी दिसलेली एचओएला (वसाहतीच्या घरमालक संघाला) चालत नाही. गराजची एक भिंत मात्र मोकळी आहे. आणि घेतलेलं सामान टिकवायचं कसं, तेही सांगा.

तळ्याकाठी

बसेल, पण होडी सगळ्यात शेवटी घ्या. मी मूळचा रायगडचा, खाडीवर गरी टाकत मोठा झालो. इथे टायलरजवळ राहायला आल्यापासून लेक फोर्क हेच माझं तळं. बरोबर लहान मुलगा आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिला हंगाम काठावरून काढा. पाणी साठ अंश फॅरनहाइटच्या पुढे गेलं की बास अंडी घालायला उथळ पाण्यात येतात. तुमच्याकडे हे साधारण मार्च-एप्रिलमध्ये होतं. तेव्हा मोठे मासे काठापासून हाकेच्या अंतरावर असतात आणि होडीवाल्यांपेक्षा काठावरच्या माणसाची बाजू वरचढ असते. टेक्सासच्या स्टेट पार्कात काठावरून मासेमारीला लायसन्स लागत नाही. रे रॉबर्ट्स तळ्याचं पार्क तुम्हाला जवळ आहे. काही पार्कांत रॉड-रील उसनंही मिळतं. सतराच्या आतल्या मुलांना तर कुठेच लायसन्स लागत नाही. पार्काबाहेर गेलात की तुम्हाला मात्र घ्यावंच लागेल.

रॉड दोघांनाही स्पिनिंगची घ्या, म्हणजे रील खाली लटकतं ती. तुमच्यासाठी पावणेसात ते सात फूट, मीडियम पॉवर (मध्यम ताठ), फास्ट ॲक्शन (टोकाशीच वाकणारी). मुलासाठी साडेपाच-सहा फुटांची पुरे. रील २५०० आकाराचं. अग्ली स्टिकसारखी दणकट रॉड आणि साधं रील मिळून शंभर डॉलरच्या आत येतं, आणि मुलाच्या हातात तीच टिकते. दुकानातून निघण्याआधी रॉडच्या प्रत्येक कडीतून कापसाचा बोळा फिरवून पाहा. कुठे धागा अडकला तर त्या कडीला तडा आहे, आणि ती लाइन कापणार. बेटकास्टर, म्हणजे रॉडच्या वर बसणाऱ्या रीलच्या मोहात आत्ता पडू नका. फेक संपताना स्पूलवर (लाइनच्या रिळावर) अंगठा नेमका पडला नाही तर लाइनचा असा गुंता होतो की मुलाचा अर्धा दिवस तो सोडवण्यात जाईल.

लाइन सुरुवातीला आठ पौंडांची मोनोफिलामेंट (एकाच धाग्याची). स्वस्त आहे, थोडी ताणते, त्यामुळे मुलाने हिसका जास्त दिला तरी माशाचं तोंड फाटत नाही. मोनो उन्हाने कमजोर होते, दरवर्षी बदला. पुढे ब्रेड, म्हणजे विणलेली लाइन, घेतलीत तर स्पूलवर आधी मोनोचे थोडे वेढे द्या, नाहीतर सगळी ब्रेड स्पूलवर घसरत राहते आणि तुम्हाला वाटतं रीलचा ड्रॅग (मासा ओढू लागला की लाइन सोडणारा ब्रेक) बिघडला. ब्रेडला पुढे आठ-दहा पौंडांचा फ्लुओरोकार्बनचा लीडर, म्हणजे टोकाचा वेगळा तुकडा, जोडावा. गाठ एकच नीट शिका, पालोमार. आवळण्यापूर्वी ओली करा.

आमिषांचे डबेच्या डबे नकोत. पाच इंची मऊ वर्म (प्लास्टिकचं गांडूळ), मधोमध गरी, वजन काहीच नाही. याला वॅकी रिग म्हणतात. फेका, लाइन सैल सोडा, तो थरथरत खाली जाऊ द्या आणि डोळे लाइनवर ठेवा. ती आडवी सरकली की मासा आहे. फार वेळ थांबू नका, बास गरी घशापर्यंत गिळतो. शेवाळ-गवत असेल तिथे टेक्सस रिग: ३/० ची ऑफसेट (मानेशी वाक असलेली) गरी, पाव औंसाचं बुलेट वजन, गरीचं टोक वर्ममध्ये लपवलेलं. तीन आकड्यांच्या ट्रेबल गरीची आमिषं मुलाला एवढ्यात देऊ नका. गरीचा उलटा काटा पकडीने चेपून टाका. फेकताना दोघांच्याही डोळ्यांवर चष्मा हवाच, यात मी कुणालाही सूट देत नाही.

आता होडी. दोघांनी एकत्र बसून फेकायचं असेल तर मी जुनी ॲल्युमिनियमची जॉन बोट घेईन. जाहिरातीत '१२३६' लिहितात, म्हणजे लांबी बारा फूट आणि तळाची रुंदी ३६ इंच. वजन शंभर पौंडांच्या आसपास किंवा थोडं वर. दोन मोठी माणसं ती उचलून गराजच्या भिंतीला आडवी उभी करू शकतात. टपावर न्यायची तर रूफ रॅकची मर्यादा गाडीच्या पुस्तकात आधी पाहा. ती कमी असेल तर घडी घालून भिंतीला टेकवता येणारा हलका ट्रेलर मिळतो. ३६ इंची होडीत उभं राहून फेकू नका, मुलाला तर अजिबात उभं राहू देऊ नका. हवेची होडी आमच्या बाजूला मी सुचवणार नाही. लेक फोर्क भरलं तेव्हा झाडं तशीच पाण्याखाली ठेवली होती, त्यांचे बुंधे अजून उभे आहेत.

जुनी होडी घेताना मालकाला विचारून तिच्यात तीन-चार इंच पाणी भरा आणि खालून पाहा. रिव्हेट गळत असेल तर थेंब बाहेर दिसतो. काठावर होडी कोरडी असताना काहीच कळत नाही. ट्रान्सम, म्हणजे मोटर अडकवायची मागची फळी, अंगठ्याने जोरात दाबा. लाकूड दबलं तर आतून कुजलंय. आधीच्या मालकाने तळाशी हिरवट रंगाचं ट्रीटेड लाकूड बसवलं असेल तर ते काढून खालचा पत्रा बघा. त्या लाकडात तांब्याची द्रव्यं असतात आणि ओलाव्यात ती ॲल्युमिनियम खातात. भोकं पडलेली होडी मी अशीच पाहिली आहे, वरून नवं कार्पेट घातलेली. ट्रान्समच्या उजव्या बाजूला वर बारा अक्षर-आकड्यांचा हल नंबर (होडीचा ओळख क्रमांक) असतो. तो कागदांशी जुळला नाही, किंवा टायटल (मालकीचा कागद) विकणाऱ्याच्या नावावर नसलं, तर किंमत कितीही कमी असो, घरी परत या. आत कपॅसिटी प्लेट (वजनाची मर्यादा लिहिलेली पट्टी) असते. त्यावरचं वजन माणसं, मोटर, बॅटरी, डबे सगळं धरून आहे.

नुसती वल्ह्याची होडी असेल तर टेक्सासमध्ये नोंदणी लागत नाही. साधी इलेक्ट्रिक ट्रोलिंग मोटर लावली की लागते आणि पुढे दोन्ही बाजूंना टीएक्स नंबर लिहावा लागतो. मोटर १२ व्होल्टची. शंभर पौंड वजनाला दोन पौंड थ्रस्ट (ढकलण्याची ताकद) हा जुना हिशोब आहे. तुमचं सगळं मिळून पाचशे पौंड धरलं तर दहा पौंड येतो. पण हा हिशोब वारा नसतानाचा आहे. टेक्सासचा वसंतातला वारा धरून ४० ते ५५ पौंडांची घ्या. बॅटरी डीप सायकल (बराच वेळ सलग वीज देणारी). लेड ॲसिडची असेल तर निम्म्याखाली उतरवू नका, म्हणजे शंभर अँपिअर-अवरची बॅटरी मनात पन्नासचीच धरायची. मंद गतीला मोटर दहाएक अँपिअर ओढत असेल तर पाच तास झाले. तुम्ही आणि मोटर दोघंही मागे, म्हणून बॅटरी पुढच्या टोकाला न्या, डब्यात घालून पट्ट्याने बांधा आणि वायरमध्ये सर्किट ब्रेकर बसवा.

तेरा वर्षांच्या आतल्या मुलाने चालत्या छोट्या होडीत लाइफ जॅकेट अंगात घातलेलं असणं हा कायदा आहे. मोठ्यांना नुसतं जवळ ठेवलं तरी चालतं, पण तुम्हीही घाला. मार्चमध्ये हवा गरम असते आणि पाणी अजून गार, त्यात पडलेल्या चांगल्या पोहणाऱ्याचेही हात थोड्याच वेळात चालेनासे होतात. मुलाकडे बघायला तुम्ही तरंगत असायला हवं.

वल्हवणारी

मी ऑस्टिनला असते आणि कायाकवरूनच मासे धरते, म्हणून कायाकची बाजू मांडते. वर लिहिलेलं सगळं पटतं, पण त्या जॉन बोटीला उचलायला दोन मोठी माणसं लागणार. शनिवारी पहाटे घरात दुसरं मोठं माणूस उठणार आहे का, हे आधी विचारून घ्या. दहा फुटी सिट-ऑन-टॉप (वर बसायची) कायाक मी एकटी टपावर चढवते.

मात्र दोघांच्या टँडम कायाकमधून मासेमारी करू नका. पुढच्याची रॉड मागच्याच्या तोंडाशी येते. दोन वेगळ्या कायाक, आणि मुलगा नीट वल्हवायला शिकेपर्यंत लहान आडोशाचं तळं. पाण्यात पडून परत वर चढायचा सराव उन्हाळ्यात, कमरेएवढ्या पाण्यात, लाइफ जॅकेट घालून दोघांनी करा. ज्याला परत चढता येत नाही त्याने काठापासून लांब जाऊ नये.

टिकवायचं म्हणाल तर प्लास्टिकच्या कायाकचा शत्रू ऊन आणि चुकीचा आधार. गराजमध्ये कुशीवर किंवा उलटी, रुंद पट्ट्यांवर ठेवा. दोन अरुंद दांड्यांवर सरळ ठेवली तर टेक्सासच्या गरमीत तळाला खोलगट खळगे पडतात. उन्हात टपावर बांधतानाही पट्टा हाताने बसेल तेवढाच आवळायचा, रॅचेटने नाही. भोक पडलं तर इपॉक्सी त्या प्लास्टिकला धरत नाही, तसल्याच प्लास्टिकची पट्टी वितळवून जोडावी लागते.

फ्रिस्कोकर

दोघांचेही मनापासून आभार. आधी रॉड आणि लाइफ जॅकेटं घेतो, होडी पुढच्या वर्षी. ताई, पहाटे उठणारं दुसरं माणूस नाही, तेव्हा कायाकचा विचार पुन्हा करतोय. दादा, रीलची निगा कशी ठेवायची? आणि सामान गराजमध्ये ठेवलं तर चालेल का? उन्हाळ्यात तिथे भट्टी होते.

तळ्याकाठी

ताईंचं म्हणणं रास्त आहे. उचलणारं माणूस नसेल तर जॉन बोट भिंतीलाच राहील. दोन जुन्या कायाकही तुमच्या पैशांत बसतील.

रील धुताना पाण्याचा जोरदार फवारा मारू नका, बुडवू तर नकाच. जोराचं पाणी धूळ आत ढकलतं आणि ग्रीस बाहेर काढतं. गोड्या पाण्यावरून आल्यावर ओल्या फडक्याने पुसलं की झालं. हँडलच्या मुठीला आणि लाइन रोलरला अधूनमधून तेलाचा एकच थेंब. लाइन रोलर म्हणजे बेलच्या (लाइन गुंडाळणाऱ्या तारेच्या कडीच्या) टोकाचं ते बारीक चाक. ते अडकलं की लाइनला पीळ पडतो आणि लोक लाइनला दोष देतात. आतल्या गिअरला तेल चालत नाही, ग्रीस हवं, आणि तेही वर्षातून एकदा. घरी आलात की ड्रॅगचा नॉब सैल सोडा. आवळून ठेवला तर आतल्या चकत्या दबून राहतात आणि पुढच्या मोठ्या माशाला लाइन झटक्याझटक्याने सुटते.

गराजमध्ये रॉड चालतील, पण भिंतीला वाकवून टेकवू नका. मऊ आमिषं घरात, त्यांच्याच पिशवीत. वेगवेगळ्या जातीचं प्लास्टिक एका कप्प्यात मिसळलं तर गरमीत एकमेकांत वितळून चिकट गोळा होतो. ओल्या गऱ्यांचा डबा रात्रभर उघडा ठेवा. डासांचं डीईईटीचं औषध हाताला लागलं असेल तर हात धुतल्याशिवाय लाइन, आमिष, चष्मा यांना शिवू नका, ते प्लास्टिक खातं.

पाण्यातून निघताना होडीतलं, कप्प्यांतलं सगळं पाणी काढून टाकणं हा टेक्सासचा कायदा आहे, कायाकलाही लागू. कारण झेब्रा शिंपले, तळ्यांत झपाट्याने पसरणारी परकी जात: ते २००९ मध्ये लेक टेक्सोमात सापडले आणि नंतर रे रॉबर्ट्स, लुइसव्हिल या तळ्यांपर्यंत पोचले. त्यांची पिल्लं डोळ्यांना दिसत नाहीत, उरलेल्या पाण्यातून प्रवास करतात. गवताचा तुकडाही चिकटलेला राहू देऊ नका. लेक फोर्कवर आलात तर मोजपट्टी आणा: १६ ते २४ इंचांमधला बास तिथे ठेवता येत नाही. १९९२ मध्ये १८.१८ पौंडांचा, राज्याचा विक्रमी बास याच तळ्यात मिळाला. मोठा मासा नुसता जबड्याला धरून लोंबकळवू नका, दुसरा हात पोटाखाली द्या. हात आधी ओले करा.

मरळप्रेमी

मी भोरकडचा. आमच्याकडे बास नाही, पण हीच पोकळ रबरी बेडकं टाकून आम्ही मरळ धरतो. पाणवनस्पती दाट असली की मासा लागतो आणि गवतात घुसून लाइन तोडतो. तिकडे शेवाळावर बेडूक टाकताना लाइन किती पौंडांची वापरता?

तळ्याकाठी

पन्नास पौंडांची ब्रेड, थेट बेडकाला बांधलेली, लीडर नाही. रॉड सात फुटांच्या पुढची, हेवी. पाणी उडालं की लगेच ओढू नका. बेडूक दिसेनासा होऊन लाइनला वजन लागेपर्यंत थांबा, मग जोरात. मासा गवताच्या वरूनच घसरत आणायचा, खाली जायला फुरसत द्यायची नाही. मरळीचे दात बारीक पण धारदार, तेव्हा प्रत्येक माशानंतर शेवटची फूटभर ब्रेड बोटांतून फिरवून बघा. केसाळ झाली असेल तर कापून पुन्हा बांधा. बेडकाच्या पोटात पाणी शिरतं, ते दाबून काढा आणि गऱ्या वाळल्याशिवाय डब्यात ठेवू नका.