मंदीत ट्रॅकची गाडी ठेवावी की विकावी? (मिशिगन, मियाटा, एच-१बी)

नोव्हीचा_नवरा:

मंडळी, मी नोव्हीत राहतो आणि गाड्यांचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत आहे. एप्रिलपासून दोनदा माणसं कमी केली. दुसऱ्या खेपेला माझ्या शेजारच्या टेबलावरचा माणूस गेला, त्याचा कॉफीचा मग अजून तिथेच आहे. माझा नंबर लागणार असं धरूनच चाललोय. व्हिसा एच-१बी, म्हणजे नोकरी गेली की दुसरी शोधायला नाहीतर देश सोडायला हातात ६० दिवस.

गॅरेजमध्ये १९९९ची मियाटा (माझदाची दोन सीटची, उघड्या टपाची छोटी गाडी) उभी आहे. रोल बार (गाडी उलटली तर डोकं वाचवणारी लोखंडी कमान) बसवलाय, बकेट सीट आहे, ट्रॅकच्या टायरांचा वेगळा सेट आहे. वर्षाला पाच-सहा ट्रॅक डे (फी भरून आपलीच गाडी रेसच्या ट्रॅकवर चालवायचा दिवस) होतात, बहुतेक जिंजरमनला, एखादा वॉटरफर्डला, दोन्ही इथले मिशिगनचेच ट्रॅक. रेस नाही, ट्रॉफी नाही. हेल्मेट घालून वीस-वीस मिनिटांची चार सत्रं, आणि संध्याकाळी मान अवघडलेली घेऊन घरी. फी, हॉटेल, पेट्रोल, टायर-ब्रेकची झीज धरून एक दिवस सहाशे डॉलरच्या घरात जातो. गाडीवर कर्ज नाही.

बायको म्हणते विकून टाक. तिचं चुकतंय असं म्हणायला तोंड नाही. पण ही गाडी मी चार वर्षं स्वतःच्या हाताने उभी केलीय. विकू, झाकून ठेवू, की काटकसरीने चालू ठेवू? २००८-०९ ज्यांनी इथे काढलं त्यांनी सांगा.

क्लचप्लेट:

विक. मंदी सरली की दुसरी घे, मियाटांना काय तोटा आहे.

जुना_ट्रॉयकर:

क्लचप्लेट, तुझ्यावर ही वेळ आलेली दिसत नाही.

नोव्हीकर, मी तुला 'हौसेला मोल नाही' सांगणार नाही. मोल असतं, मी भरलंय.

२००८च्या जुलैत पेट्रोल गॅलनला चार डॉलरच्या वर गेलं तेव्हा पॅडॉकमध्ये (ट्रॅकशेजारी गाड्या उभ्या करतात तिथे) दुसरा विषय नव्हता. मला हसू यायचं. मियाटा ट्रॅकवर दिवसभरात दहा गॅलन पिते. चाराचे दोन झाले तरी वीस डॉलर वाचतात, त्यात एक टायरही येत नाही. डिसेंबरात पेट्रोल खरंच दोन डॉलरच्या खाली आलं, तोवर ट्रॅकवर यायला माणसंच उरली नव्हती.

खरी कात्री लागते ती भाड्यात. क्लब दिवसाचं ठोक भाडं भरून ट्रॅक घेतो. वर अँब्युलन्स आणि वळणावळणावर पुढचा धोका झेंड्याने दाखवणारे झेंडेवाले. चाळीस गाड्या आल्या काय नि सोळा आल्या काय, खर्च तेवढाच. कार्यालयाचं असतं तसंच, पंगतीला पानं कमी बसली म्हणून कार्यालयवाला पैसे परत देतो का? ३० एप्रिल २००९ला क्रायस्लर दिवाळखोरीत गेली, १ जूनला जीएम. त्या जूनमध्ये आमच्या क्लबच्या दिवसाला सोळा गाड्या होत्या. आयोजक सकाळपासून गेटकडे बघत बसला होता. पुढचे दोन दिवस त्याने रद्दच केले. म्हणजे तू गाडी ठेवलीस तरी तुला चालवायला दिवस मिळेलच असं नाही, हे आधी लक्षात घे.

आता त्या जूनच्या दिवसाचं ऐक. सोळाच गाड्या, म्हणजे ट्रॅक रिकामा. फेरीमागून फेरी काढतोय आणि समोर कुणी नाही. एरवी अशा दिवसाची आपण वाट बघतो. पण सकाळी निघताना बायकोने विचारलं होतं, तुझी नोकरी गेली तर कोब्राचे किती पडतील? (इतर देशातल्यांसाठी: नोकरी गेल्यावर कंपनीचाच आरोग्य विमा काही महिने चालू ठेवता येतो, फक्त कंपनी भरायची तो वाटाही आपण भरायचा, वर दोन टक्के.) जेवणानंतरच्या सत्रात मी सरळ पट्ट्यावर चौथ्या गिअरमध्ये तो आकडा बाराने गुणत होतो. ब्रेक कुठे दाबायचा ते दाखवणाऱ्या पाट्या एकामागून एक निघून गेल्या, पाय ॲक्सिलरेटरवरच. भानावर येऊन ब्रेक दाबला तो वळणात शिरता शिरता, त्यामुळे मागची बाजू सुटली. गवत, आभाळ, पुन्हा गवत. थांबलो तेव्हा गाडीचं नाक आलो त्या दिशेला होतं, इंजिन बंद, आणि तापलेल्या सायलेन्सरवर गवत जळाल्याचा वास. जिंजरमनला भिंती लांब आहेत म्हणून गाडीला ओरखडाही नाही. भिंत जवळ असती तर एक पैसा मिळाला नसता, कारण रोजची विमा पॉलिसी ट्रॅकवर चालत नाही. तुझी काढून वाच, बारीक अक्षरात तेच असेल. मी उरलेलं सत्र सोडून घरी आलो. बायकोला सांगितलं ते दोन वर्षांनी.

ऑक्टोबरात माझी नोकरी गेली. नोव्हेंबरात गाडी विकायला काढली. मिशिगनमध्ये नोव्हेंबरात उघड्या टपाची गाडी विकणं म्हणजे आषाढात रसवंती टाकणं. त्यात आमच्याच क्लबातल्या आणखी तीन मियाटा त्याच आठवड्यात बाजारात. रोल बार नि सस्पेन्शनवर मी ओतलेल्या पैशाचं कुणाला काही नव्हतं. उलट प्रत्येक जण विचारायचा, ट्रॅकवर पिळलीय ना? गेली ती पाण्याच्या भावात.

माझं ग्रीन कार्ड झालेलं होतं म्हणून मी तरलो. एका एच-१बीवाल्या मित्राला तेव्हा ६० दिवसही नव्हते, ती सवलत २०१७ पासूनची. तो पुण्याला परतला, त्याची गाडी हिवाळाभर माझ्या दारात ताडपत्रीखाली होती. मार्चमध्ये चांगलं गिऱ्हाईक आलं, पण टायटलवर, म्हणजे गाडीच्या मालकीच्या कागदावर, त्याची सही नव्हती. कागद पुण्याला जाऊन परत येईस्तोवर गिऱ्हाईक गेलं. तेव्हा ठेव किंवा विक, पण टायटल आजच शोध आणि भरवशाच्या माणसाच्या नावे मुखत्यारपत्र करून ठेव.

विकायची असेल तर आत्ता, उन्हाळ्यात. रोल बार आणि सीट काढून वेगळं वीक, मूळ सीट परत लाव. ठेवायची असेल तर ट्रॅकचे मऊ टायर विकून टाक आणि रस्त्याच्या कडक टायरांवर फिर. फेरीला चार सेकंद जास्त लागतील, पण टायर चौपट टिकतील. ब्रेक फ्लुइड मात्र वेळच्या वेळी बदल. पेडल जमिनीला टेकलं की काटकसर आठवत नाही.

चिंचवडचा_हेअरपिन:

काका, तुमच्याकडे अडीच तासांवर ट्रॅक आहे हे वाचूनच जीव जळला. आम्हाला पुण्याहून मद्रासचा ट्रॅक बाराशे किलोमीटर. सगळा पैसा गाडी नेण्या-आणण्यातच जातो. २०२०मध्ये पगार कापले तेव्हा आमच्या चौघांत एकच पोलो उरली. पोलो एकाची, टायर दुसऱ्याचे, ट्रकचं भाडं तिघांत. नियम एकच, ज्याच्या हातून ठोकली जाईल त्याने भरायचं. त्यामुळे चौघेही म्हाताऱ्यासारखी चालवायचो, आणि गंमत म्हणजे वेळा सुधारल्या. पुढे पगार पूर्ववत झाले तरी दुसरी गाडी कुणी घेतली नाही.

झेंडेवाली_ताई:

नोव्हीकर, गाडीचं काहीही ठरव, पण ट्रॅकवर येणं तोडू नकोस. मी वळणावर झेंडे धरते. आमच्या क्लबात दोन दिवस झेंडा धरला की एक दिवस गाडी चालवायला फुकट, दुपारचं जेवण त्यांचं. ऊन लागतं, पाय दुखतात, आणि पिवळा झेंडा दाखवूनही न बघणारे महाभाग भेटतात. पण एकाच वळणावर आठ तास उभं राहिलं की कोण कुठे ब्रेक मारतो हे जितकं कळतं तितकं मला सीटवर बसून पाच वर्षांत कळलं नव्हतं. माणसं कमी झाली की झेंडेवालेही कमी पडतात, त्यामुळे सध्या कुणी नाही म्हणणार नाही.

ट्रॉयकर, जूनच्या त्या गोष्टीतलं गणित मी पण केलंय. माझं मुलाच्या कॉलेजच्या फीचं होतं.

नोव्हीचा_नवरा:

सगळ्यांचे आभार. टायटल सापडलं, गाडीच्याच खणात मॅन्युअलमध्ये होतं. म्हणजे गाडी चोरीला गेली असती तर कागदासकट. बायकोला काकांची पोस्ट वाचून दाखवली. गवताच्या प्रसंगापर्यंत ती गप्प होती, मग म्हणाली, "तू मला दोन वर्षं थांबायला लावू नकोस."

ट्रॅकचे टायर आणि त्यांची रिमं आज जाहिरातीत टाकली. गाडी सप्टेंबरपर्यंत ठेवतोय, तोवर नोकरीचं काय ते कळेल. जुलैचा ट्रॅक डे रद्द केला, फी निम्मी परत मिळाली.

ताई, झेंड्याला येतो. बूट कुठले घालायचे?