‘मर्क्युरी पूल’ म्हणजे नक्की कोणता पूल?

खटपट्या: भंगारवाल्याकडे एक जुनी काचेची व्हॉल्व्ह (जुन्या रेडिओत असायची तशी नळी) मिळाली. खाली चार पिना, डोक्यावर टोपी, आत काचेला चिकटलेले पाऱ्याचे बारीक थेंब. वर ८६६ए छापलंय. तो म्हणाला, ‘मर्क्युरी पूल रेक्टिफायर’ आहे, म्हणजे एसीचा डीसी करणारा. पूल म्हणजे ब्रिज रेक्टिफायर का? पण त्यात चार डायोड लागतात, इथे एकच दिसतो. मराठीत काय म्हणायचं याला?

डायोडबुवा: पुलाचा काही संबंध नाही हो. हा ‘पूल’ इंग्रजीतला, साचलेल्या पाऱ्याचा. ब्रिज रेक्टिफायर म्हणजे चार डायोडांची जोडणी, तिला सेतू म्हणा नाहीतर पूल. गंमत अशी की तुमची व्हॉल्व्ह या दोन्हींत बसत नाही. ८६६एमध्ये इलेक्ट्रॉन सोडते ती तापलेली फिलामेंट, म्हणजे बारीक तार. पारा असतो तो वाफेपुरता. ती वाफ आयनीभूत (विद्युतभारित) झाली की व्हॉल्व्हवर जेमतेम १५ व्होल्ट पडतात आणि आत निळा उजेड दिसतो. तो उजेड पाहूनच विकणारे वाट्टेल ते नाव देतात.

शब्दवेडी: मग खरी ‘पूल’वाली कोणती?

डायोडबुवा: जिच्यात तळाचा पारा हाच कॅथोड (इलेक्ट्रॉन सोडणारं टोक), ती. फिलामेंट नाहीच. सुरुवातीला ठिणगी पाडून आर्क, म्हणजे विजेची सलग ज्योत, पेटवायचा. मग पाऱ्याच्या पृष्ठभागावर एक झगझगीत ठिपका उमटतो आणि सैरावैरा पळत राहतो. इलेक्ट्रॉन निघतात ते त्या ठिपक्यातून. पाऱ्याची वाफ वरच्या भल्यामोठ्या काचेच्या घुमटात जाते, तिथे गार होते आणि थेंब ओघळत परत तळाशी येतात. घुमटाच्या बाजूंना वाकडे काचेचे हात, तीन किंवा सहा, प्रत्येकात इलेक्ट्रॉन झेलणारा एक ग्रॅफाइटचा अॅनोड. एकूण ध्यान ऑक्टोपससारखं! पीटर कूपर ह्युइटनं १९०२च्या सुमारास हे काढलं. पुढे ट्राम, विजेच्या गाड्या, सिनेमाच्या प्रोजेक्टरचे आर्क दिवे, जिथे भरपूर डीसी लागे तिथे हे बसले. जळून तुटायला फिलामेंटच नसल्यामुळे वर्षानुवर्षं चालायचे.

शब्दवेडी: रेक्टिफायरला ‘एकदिशकारक’ रूढ आहे. तेव्हा ‘पारद-कुंड एकदिशकारक’? ‘डबकं’ फारच पावसाळी वाटतं, आणि थारोळं म्हटलं की रक्तच डोळ्यांपुढे येतं.

डायोडबुवा: कुंड झकास. ‘पारद-बाष्प’ मात्र नको, तो शब्द दोन्ही जातींना लागतो आणि घोळ तिथूनच सुरू होतो. अर्थात दुकानात ‘एकदिशकारक द्या’ म्हणालात तर तो माणूस तुमच्याकडे बघतच राहील.

खटपट्या: आणि इग्निट्रॉन?

डायोडबुवा: तीही कुंडवालीच, पण बहुधा पोलादी अंगाची, पाण्यानं गार होणारी, एकाच अॅनोडची. वेस्टिंगहाउसमध्ये जोसेफ स्लेपियन यांनी १९३०च्या दशकात आणली. पाऱ्यात टोक बुडवलेली एक काडी असते, इग्नायटर. दर आवर्तनाला तिच्यातून करंटचा झटका दिला की आर्क नव्यानं पेटतो. स्पॉट वेल्डिंगच्या मशीनमध्ये या खूप असत.

खटपट्या: माझी ८६६एच आहे, याची खात्री कशी करू?

डायोडबुवा: खालच्या दोन जाड पिनांना मल्टिमीटर लावा. जवळजवळ शून्य ओहम आलं तर फिलामेंट शाबूत आहे. ती २.५ व्होल्टवर ५ अँपिअर खाते, तेव्हा ट्रान्सफॉर्मर तसाच घ्या. व्हॉल्व्ह उभीच ठेवायची. आधी नुसती फिलामेंट तापू द्या, हाय व्होल्टेज नंतर. प्रवासात आडवी झाली असेल तर पारा आत सगळीकडे उडालेला असतो. मग पहिल्या वेळी बराच जास्त वेळ तापवा, नाहीतर आत आर्क उलटा पेटून व्हॉल्व्ह जाईल. आणि फुटलीच तर केरसुणी किंवा व्हॅक्यूम क्लीनर लावू नका, पारा पसरतो. खिडक्या उघडा, पोरांना बाहेर काढा, थेंब कागदाच्या कडेनं गोळा करून झाकणाच्या बरणीत भरा.