जिप्सीला झडपांचे फायबर बॉनेट: पावसाचे पाणी इंजिनावर पडू नये म्हणून काय करावे?

करवीर_जिप्सी

नमस्कार. माझ्याकडे १९९८ सालची कार्ब्युरेटरवाली (म्हणजे पेट्रोल आणि हवा कार्ब्युरेटरमध्ये मिसळणारी) मारुती जिप्सी आहे (१२९८ सीसी, जी१३बीए इंजिन). कोल्हापूरहून आंबोलीमार्गे सावंतवाडीला माझे नेहमी जाणे-येणे असते. परतीच्या वाटेवर दाणोली सोडून घाट चढू लागलो की उन्हाळ्यात तापमानाचा काटा मधल्या खुणेच्या वर सरकतो. वर आंबोलीत चहासाठी थांबून दहा-पंधरा मिनिटांनी चावी फिरवली, तर स्टार्टर नुसताच फिरत राहतो. ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरला की मग कुठे काळा धूर सोडत, अडखळत इंजिन चालू होते.

यावर उपाय म्हणून मी झडपा असलेले फायबरचे बॉनेट घेतले आहे. त्यावर डावी-उजवीकडे प्रत्येकी ३५ × १५ सेंटिमीटरची दोन तोंडे आहेत आणि त्यांत तिरप्या पट्ट्या बसवलेल्या आहेत. बॉनेट अजून गाडीवर चढवलेले नाही. तात्पुरते ठेवून पाहिले, तेव्हा एका तोंडाची मागची कड जवळजवळ डिस्ट्रिब्यूटरच्या (प्लगांना ठिणगीची वीज वाटून देणाऱ्या भागाच्या) वर येते असे दिसले. गाडी कार्यालयाबाहेर दिवसभर उघड्यावर उभी असते, आणि आंबोलीचा पाऊस कसा असतो ते येथे कोणाला सांगायला नको. या झडपांचा माझ्या तक्रारीवर उपयोग होईल का, आणि होणार असेल तर पाण्याचा बंदोबस्त कसा करावा, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

वातप्रवाह

तुमच्या तक्रारी दोन आहेत आणि दोन्हींचे कारण एक नाही, त्यामुळे आधी त्या वेगळ्या करू.

थांबल्यानंतर गरम इंजिन सुरू न होणे, हे कार्ब्युरेटरमध्ये साठणाऱ्या उष्णतेचे लक्षण आहे. इंजिन बंद केले की पंखा थांबतो आणि पाणीही फिरायचे थांबते, पण सिलिंडर हेडमधली (इंजिनाच्या वरच्या भागातली) आणि धूर बाहेर नेणाऱ्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डमधली उष्णता वर चढतच राहते. कार्ब्युरेटरमध्ये फ्लोटच्या वाटीत साठलेले पेट्रोल त्या उष्णतेने उकळून इंजिनात मिश्रण नेणाऱ्या इनटेक मॅनिफोल्डमध्ये उतरते आणि मिश्रण नको तितके घट्ट, म्हणजे पेट्रोल जास्त आणि हवा कमी असे, होते. काळा धूर येतो तो त्यामुळेच. या तक्रारीवर झडपांचा निश्चित उपयोग होईल, कारण उभ्या गाडीतली गरम हवा आपणहून वर जाते आणि तिला बाहेर पडायला वाट मिळते.

चढावर काटा वर जाणे ही मात्र रेडिएटरची गोष्ट आहे. झडपांमुळे रेडिएटरमधून जास्त हवा ओढली जाते हे खरे असले, तरी ते गाडीच्या वेगावर अवलंबून असते. ताशी ८० किलोमीटर वेगाला समोरच्या हवेचा दाब सुमारे ३०० पास्कल, म्हणजे नळीत पाणी ३० मिलिमीटर चढेल इतका असतो. ताशी २० किलोमीटरला तो जेमतेम २ मिलिमीटर भरतो. घाटात दुसऱ्या गिअरवर रेडिएटरला हवा पुरवायचे काम पंख्याचे आणि त्याभोवतीच्या श्राउडचे (आवरणाचे) असते, तेथे बॉनेटची मदत नगण्य आहे. म्हणून थर्मोस्टॅट, रेडिएटरच्या पाकळ्यांत अडकलेली माती, पंख्याचा बेल्ट आणि श्राउड या गोष्टी बॉनेटवर आणखी खर्च करण्यापूर्वी पाहून घ्या.

तोंडांच्या जागेबद्दलही एक सांगायला हवे. वेगात असताना बॉनेटच्या पुढच्या कडेच्या थोडे मागे दाब कमी असतो आणि काचेच्या पायथ्याशी तो वाढतो. जिप्सीची काच तर जवळजवळ उभीच आहे, त्यामुळे तेथे हवा चांगलीच कोंडते. तुमचे एक तोंड डिस्ट्रिब्यूटरपर्यंत पोहोचते, म्हणजे ते फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याच्या) बरेच जवळ आहे. अशा जागी हवा बाहेर पडण्याऐवजी आत शिरू शकते, आणि पावसात तीच हवा थेंबही सोबत आणते. तोंडाच्या आजूबाजूला लोकरीचे बोटभर तुकडे चिकटपट्टीने लावा, शेजारून दुसरी गाडी चालवून मोबाइलवर चित्रण करा, म्हणजे हवा कोणत्या दिशेने वाहते ते दिसेल. तुकड्यांची टोके पट्ट्यांच्या आत वळलेली दिसली, तर ते तोंड कायमचे बंद करणे उत्तम.

पाना_पकड

रत्नागिरीत माझे फॅब्रिकेशनचे काम आहे आणि अशी बॉनेटे अधूनमधून येतात, म्हणून पाण्याविषयी सविस्तर लिहितो.

प्रथम पाणी किती येते ते पाहा. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. तुमच्या दोन्ही तोंडांचे मिळून क्षेत्रफळ ०.१०५ चौरस मीटर आहे. पट्ट्या नसत्या, तर १०० मिलिमीटर पावसात साडेदहा लिटर पाणी सरळ इंजिनावर पडले असते, आणि १०० मिलिमीटर हा आपल्याकडे जुलैतला एखादा साधा दिवस असतो. पट्ट्या एकमेकींवर कौलांसारख्या चढलेल्या असतील आणि त्यांची उघडी बाजू काचेकडे असेल, तर उभ्या गाडीत यातले थोडेच पाणी आत येते. पट्ट्यांमधून आरपार इंजिन दिसत असेल, तर मात्र बरेचसे आत येणार असे समजावे.

बहुतेकांच्या ध्यानात न येणारी गोष्ट म्हणजे तोंडावर पडणाऱ्या पावसापेक्षा संपूर्ण बॉनेटवर पडून वाहत येणारे पाणी अधिक त्रास देते. तोंडाभोवती सहा ते आठ मिलिमीटर उंचीची कड असेल, तर ते पाणी बाजूने निघून जाते. स्वस्त बॉनेटांमध्ये ही कड नसते आणि तोंड बॉनेटच्या पृष्ठभागाशी सपाट असते. तुमच्याकडे तसे असल्यास फायबर आणि रेझिनने कड उभी करून घ्यावी. काम अर्ध्या दिवसाचे आहे आणि बाकी कशाहीपेक्षा उपयोगी आहे.

त्यानंतर ट्रे. एक मिलिमीटर जाडीच्या ॲल्युमिनियमच्या पत्र्याचा, तोंडापेक्षा चारही बाजूंनी दोन-अडीच सेंटिमीटर मोठा ट्रे करावा आणि त्याच्या कडा दीड सेंटिमीटर वर वळवाव्यात. तो बॉनेटच्या आतल्या बाजूला, वळवलेल्या कडा आणि बॉनेट यांच्यामध्ये तीन सेंटिमीटर मोकळी जागा राहील अशा बेताने, स्पेसर घालून टांगावा. हवा ट्रेच्या बाजूंनी वळसा घेऊन बाहेर पडते आणि पाणी ट्रेमध्ये पडते. ट्रेला एका कोपऱ्याकडे उतार द्यावा आणि तेथून १२ मिलिमीटर आतल्या व्यासाची रबरी नळी चाकाच्या कमानीमागून खाली सोडावी. नळी एक्झॉस्टजवळून नेऊ नये, आणि बॉनेट उघडताना ती ताणली जाणार नाही इतकी ढिली ठेवावी. तासाला ६० मिलिमीटर पाऊस धरला, तरी दोन्ही तोंडांतून मिनिटाला शंभर मिलिलिटरच्या आसपासच पाणी येईल, आणि तेवढे ही नळी सहज वाहून नेते. ती तुंबते ती पाल्याने. झाडाखाली गाडी लावत असाल, तर ट्रेच्या भोकावर बारीक जाळी लावून ती वरचेवर साफ करावी लागेल.

आता डिस्ट्रिब्यूटर. गाडी चालताना अल्टरनेटर, स्टार्टर आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड यांच्यावर खालूनही पाणी उडत असते आणि ते सोसण्याच्या हिशेबानेच ते बनवलेले असतात. तापलेल्या मॅनिफोल्डवर चार थेंब पडून वाफ निघाली, तर घाबरण्याचे कारण नाही. डिस्ट्रिब्यूटरच्या कॅपवर वरून ठिबकणारे पाणी मात्र सोसत नाही. कॅपला केसाएवढी तडा असली, तरी ओलाव्यातून ठिणगी भलतीकडे पळते, तेथे काळी रेघ उमटते, आणि एकदा ती रेघ उमटली की कॅप पुसून भागत नाही, बदलावीच लागते. अंधारात इंजिन चालू ठेवून बॉनेट उघडावे आणि कॅपवर व वायरींवर फवाऱ्याने पाण्याचा हलका शिडकावा करावा. निळ्या ठिणग्या दिसल्या, तर कॅप, रोटर आणि प्लगच्या वायरी एकदमच नव्या घालाव्यात. वायरींच्या रबरी टोप्यांत सिलिकॉनचे डायलेक्ट्रिक (वीज न वाहणारे) ग्रीस भरावे. काही जण सायकलची जुनी ट्यूब कापून कॅपवर ताणून बसवतात, त्याला माझी हरकत नाही. पण कॅपला हवेसाठी भोक असेल तर ते बुजवू नये, नाहीतर आतल्या आत दमटपणा धरतो.

डेट्रॉइटकर

ट्रेची ही कल्पना मोटारी बनवणारे कारखानेही वापरतात. २०२० सालच्या फोर्ड मस्टँग शेल्बी जीटी५०० या गाडीच्या बॉनेटला जवळजवळ ७९ × ७१ सेंटिमीटरचे झडपांचे तोंड आहे आणि त्याखाली ॲल्युमिनियमचा पर्जन्य-ट्रे बसवलेला असतो. शर्यतीच्या मैदानावर तो काढून ठेवता येतो आणि मग हवा अधिक मोकळेपणाने बाहेर पडते. याचा सरळ अर्थ असा की ट्रेमुळे हवा काही प्रमाणात अडते आणि रस्त्यावरच्या वापरासाठी कारखान्याने ते मान्य केले आहे.

स्कॉर्पिओ एमहॉकच्या किंवा पहिल्या फॉर्च्युनरच्या बॉनेटवरच्या तोंडाशी मात्र कृपया तुलना करू नये. ती तोंडे इंजिनावर बसवलेल्या इंटरकूलरला (टर्बोतून येणारी गरम हवा थंड करणाऱ्या भागाला) हवा देण्यासाठी आहेत. तेथे हवा आत यायची असते, येथे ती बाहेर जायला हवी.

करवीर_जिप्सी

आपल्या सर्वांचे मनःपूर्वक आभार. पट्ट्यांमधून आरपार दिसते आणि तोंडाभोवती कड अजिबात नाही. मॉडेलिंगच्या मातीचे गोळे एअर फिल्टरच्या डब्यावर व कॅपच्या आसपास ठेवून बॉनेट बंद केले, तेव्हा डब्याच्या वर जेमतेम १८ मिलिमीटर जागा मिळाली. त्या बाजूला ट्रे बसणे शक्य दिसत नाही. येथील एक कारागीर म्हणतो की दोन्ही तोंडांना आतून बारीक जाळी लावून वर सिलिकॉन फिरवू. ते योग्य होईल का?

पाना_पकड

जाळीने पाला आणि खडे अडतात. पाणी तिच्यातून गळतच राहते. जाळीवर सिलिकॉन फिरवून तोंडे बंदच करायची असतील, तर बॉनेट बदलण्याचे कारणच उरत नाही.

एअर फिल्टरच्या डब्यावर ट्रे बसवण्याचा हट्ट धरू नका. इंजिन रबरी माउंटवर हलत असते. झटक्याने क्लच सोडला, की १८ मिलिमीटरची जागा पाहता पाहता संपते आणि ट्रे डब्यावर आपटू लागतो. माझ्या मते तुम्हाला काढघाल करता येणारी झाकणेच योग्य ठरतील. दोन मिलिमीटर जाडीच्या ॲल्युमिनियमच्या पट्टीला कडेने बंद पेशींच्या फोमचे बीडिंग चिकटवावे आणि ती आतून चार विंग-नटांनी आवळावी. जूनच्या सुरुवातीला ती बसवायची आणि परतीचा पाऊस संपला की काढायची. पावसाळ्यात बाहेरची हवा थंड असते, त्यामुळे त्या चार महिन्यांत झडपांची गरज भासणार नाही. अवकाळी पावसासाठी गाडीत रेक्झिनचा एक तुकडा असावा, पण गरम इंजिनावर तो लगेच टाकू नये. लोहचुंबकाची तयार आवरणे विकत घेऊ नका, कारण ती फायबरला चिकटणार नाहीत.

डिस्ट्रिब्यूटरच्या वरचा भाग मात्र बारमाही बंद ठेवा. त्या तोंडाच्या मागच्या दोन-तीन पट्ट्यांखाली आतून फायबरचा थर देऊन टाका.

बॉनेटविषयी आणखी दोन गोष्टी. फायबर हलके असल्याने वेगात कडा फडफडतात आणि लॅचभोवतीचा भाग चिरतो. लॅचचा हूक जेथे बसतो तेथे आतून पोलादी पट्टी घालून घ्या आणि पुढे दोन्ही बाजूंना बॉनेट-पिना लावा. तोंडासाठी किंवा पिनांसाठी जेथे फायबर कापले जाईल, ती प्रत्येक उघडी कड रेझिनने बंद करा. उघड्या धाग्यांतून पाणी शोषले जाते आणि दोन पावसाळ्यांत रंगाखाली फोड येतात.

सातबारा_ते_आरसी

कायद्याची बाजू कोणी मांडली नाही, म्हणून थोडक्यात लिहितो. मोटार वाहन अधिनियम, १९८८च्या कलम ५२नुसार कारखान्याच्या मूळ नोंदीशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही, आणि जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ कडकपणे लावला आहे. कलम १८२अ(४)मध्ये अशा प्रत्येक बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. अधिनियमात बदलाची व्याख्या ‘वाहनाच्या रचनेत होऊन त्याचे मूळ वैशिष्ट्य पालटणारा फरक’ अशा आशयाची आहे, त्यामुळे बोल्ट काढून पूर्ववत करता येणारे बॉनेट तिच्यात बसते की नाही यावर वाद घालता येईल. पण तो वाद तुम्हाला रस्त्यावर उभे राहून घालावा लागेल.

तुमची गाडी १९९८ची आहे, म्हणजे दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण आणि त्यासाठी आरटीओची तपासणी आलीच. मूळ पत्र्याचे बॉनेट विकू नका, तपासणीला तेच लावून जा. विमा कंपनीलाही बदल लेखी कळवून पोच घ्या, अन्यथा दाव्याच्या वेळी सर्वेक्षक नेमके तेथेच बोट ठेवेल.

वातप्रवाह

झाकणे तयार झाली, की पावसाची वाट न पाहता घरीच तपासून घ्या. इंजिन पूर्ण थंड असताना डिस्ट्रिब्यूटर, एअर फिल्टरचा डबा आणि बॅटरी यांच्यावर वर्तमानपत्राचे कोरडे कागद पसरा, बॉनेट लावा आणि बागेच्या झारीने दहा मिनिटे पाणी घाला. प्रेशर वॉशर वापरू नये, कारण त्याचे पाणी पावसात कधीच जाणार नाही अशा फटींतूनही घुसते. एकदा गाडी सपाट जागी आणि एकदा पुढची बाजू उताराकडे करून उभी करा. अशा उभ्या गाडीत बॉनेटवरचे पाणी काचेकडून पुढे वाहते, आणि पट्ट्यांची उघडी बाजू काचेकडे असेल तर ते सरळ त्यांत शिरते, त्यामुळे झाकण कोठे कच्चे आहे ते त्याच वेळी कळते. कागदावर जेथे ओले डाग पडतील, तेवढ्याच जागेचे बीडिंग पुन्हा बसवावे लागेल.