टर्बो तापण्याबाबत: रेडिएटरच्या आधी बूस्टकडे पाहावे

बीमएनजी.ड्राइव्ह या गाड्यांच्या सिम्युलेशन गेममध्ये लांब चढावर टर्बो (एग्झॉस्टच्या वायूंवर फिरून इंजिनात जास्त हवा ढकलणारा भाग) तापत असेल तर मोठा रेडिएटर बसवावा, असे वरील प्रतिसादात सुचवले आहे. त्याने कूलंटचे (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचे) तापमान उतरेल. परंतु टर्बोची उष्णता मुख्यतः एग्झॉस्टच्या वायूंतून येत असल्याने मूळ प्रश्न तसाच राहील. पेट्रोल इंजिनात पूर्ण भारावर हे वायू ९०० अंश सेल्सिअसच्याही पुढे जाऊ शकतात, आणि त्याच वेळी टर्बोचा शाफ्ट मिनिटाला एक लाखाहून अधिक फेरे घेत असतो. म्हणून ट्यूनिंगमध्ये वेस्टगेटचा (जादा वायू टर्बोला वळसा घालून सोडणाऱ्या झडपेचा) दाब, म्हणजेच बूस्ट (टर्बोने वाढवलेला हवेचा दाब), थोडा कमी करणे, हा माझ्या मते पहिला उपाय असावा.

दुसरा उपाय गिअरचा. कसाऱ्याहून इगतपुरीकडे घाट चढणारे भरलेले ट्रक आपण नाशिककर नेहमी पाहतो. ते खालच्या गिअरमध्ये, आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) टिकवून चढतात, कारण वरच्या गिअरमध्ये कमी आरपीएमवर पेडल दाबून धरले की डिझेलला हवा अपुरी पडते आणि एग्झॉस्टचे तापमान झपाट्याने वाढते.

इंधन आणि हवेच्या मिश्रणाबाबत मात्र सावध राहावे. जास्तीचे इंधन पेट्रोल इंजिनात एग्झॉस्ट थंड करते, तर डिझेलमध्ये तेच इंधन तापमान वाढवते, त्यामुळे एकाचे ट्यूनिंग दुसऱ्याला लावू नये. इंटरकूलर आत येणारी हवा थंड करतो, टर्बाइन (टर्बोचे एग्झॉस्टकडील चाक) नव्हे. तरीही तो उपयोगी आहेच.

आपली गाडी पेट्रोल आहे की डिझेल, हे कृपया कळवावे.