सिम्युलेशन रिपोर्ट आला म्हणून पहिलं कास्टिंग कापायचंच नाही?

शिरोलीचा फौंड्रीवाला
कोल्हापुरात शिरोली एमआयडीसीत अठरा वर्षं मेथडिंग करतोय, म्हणजे साच्यात धातू कुठून आणि कसा भरायचा ते आखतो, बहुतेक ग्रे आयर्नचं (बिडाचं). गेल्या आठवड्यात एका गिऱ्हाईक कंपनीकडून नव्या जॉबच्या अटी आल्या. सॉलिडिफिकेशन सिम्युलेशनच्या (धातू साच्यात कसा गोठेल याच्या संगणकी गणिताच्या) रिपोर्टमध्ये श्रिंकेज, म्हणजे धातू आकसून आत राहणारी पोकळी, दिसत नसेल, तर कास्टिंगचे (ओतीव भागाचे) पहिले नमुने कापून बघू नयेत, थेट मशीनिंगला पाठवावेत. कारण काय, तर वेळ वाचतो. मला हे पटलेलं नाही.

सिम्युलेशनला माझा विरोध नाही. रायझर (आकसणाऱ्या भागाला जादा धातू पुरवणारा कप्पा) कुठे बसवायचा यासाठी पूर्वी आम्ही पॅटर्न (ज्याने वाळूत साचा पाडतात तो नमुना) बदलून चार-चार ट्रायल घ्यायचो, धातू परत वितळवायचो. आयआयटी मुंबईत प्रा. बी. रवी यांनी ऑटोकास्ट हे सॉफ्टवेअर तयार केलं, आणि जाड भाग शेवटी कुठे गोठतो हे टेबलावर बसून दिसायला लागलं. ते मी रोज वापरतो.

पण त्याला माहिती देणारे आपणच. धातू १४०० अंशाला ओतला, साचा पक्का आहे, असं आपण सांगतो आणि ते विश्वास ठेवतं. ग्रे आयर्न गोठताना ग्राफाइट तयार होतं आणि धातू थोडा फुगतो. साचा कडक असेल तर हा फुगवटा आतली पोकळी भरून काढतो. साचा मऊ असेल तर वाळूची भिंतच मागे सरकते आणि पोकळी आत तशीच राहते. पावसाळ्यात वाळूचा ओलावा एखादा टक्का वाढला, रॅमिंग (वाळू ठोकणं) थोडं ढिलं पडलं, की झालं. गेल्या जुलैत एका जॉबचा रिपोर्ट अगदी स्वच्छ होता. कापलं तर बॉसच्या (भागावरच्या जाड उंचवट्याच्या) मुळाशी मसुराएवढी पोकळी. कापलं नसतं तर ती गिऱ्हाइकाच्या ड्रिलखाली निघाली असती.

मेशवाला हिंजवडी
दादा, तुमचा अनुभव मान्य, पण निष्कर्ष पटत नाही. मी वाहनांच्या क्रॅशचं सिम्युलेशन करतो. एक प्रोटोटाइप गाडी भिंतीवर आदळली की संपली, आणि त्या एका गाडीतून एकच उत्तर मिळतं. तोच डिझाइनर मॉडेलवर पत्र्याची जाडी बदलून, स्पॉट वेल्ड हलवून शंभर पर्याय बघतो. विमानांचंच बघा. बोइंग ७७७ पूर्ण संगणकावर आखलं गेलं, नाकाचा भाग सोडला तर पूर्ण आकाराचा मॉक-अपही (जुळवून बघायचा नमुना) बांधला नाही, आणि १९९४ मध्ये ते उडालं. तुमच्या उदाहरणात चूक सिम्युलेशनची नाहीच. ओलावा चुकीचा भरला गेला. तो मोजून भरा, भिंत सरकते हेही मॉडेलमध्ये घ्या. कापणं हा त्यावरचा उपाय नव्हे.

शिरोलीचा फौंड्रीवाला
७७७ चं उदाहरण तुम्ही दिलंत ते बरं झालं. त्याच विमानाचा पंख जानेवारी १९९५ मध्ये तुटेपर्यंत वाकवला होता. नियम उड्डाणातल्या कमाल भाराच्या १५० टक्क्यांचा होता, तुटला १५४ ला. इतकं संगणकावर करूनही त्यांनी पंख मोडून पाहिलाच ना! मी तरी दुसरं काय मागतोय?

आणि नॉर्वेचं स्लाइपनर आठवा. तेलाच्या प्लॅटफॉर्मचा काँक्रीटचा पाया, ऑगस्ट १९९१ मध्ये स्टाव्हांगरजवळच्या खाडीत बुडाला. भिंतींमधला शिअर स्ट्रेस (कातरणारा ताण) फायनाइट एलिमेंटच्या, म्हणजे रचनेचे छोटे तुकडे पाडून संगणकावर करतात त्या, गणितात ४७ टक्के कमी आला होता. त्या आकड्यावर सळई बेतली गेली. नुकसान सुमारे ७० कोटी डॉलर.

मेशवाला हिंजवडी
स्लाइपनरची दुसरी बाजूही सांगा ना. मेश (त्या तुकड्यांची जाळी) जाडीभरडी होती म्हणून ते चुकलं. दुर्घटनेनंतर नीट हिशेब केला तेव्हा पाया ६२ मीटर खोलीला फुटेल असं उत्तर आलं. प्रत्यक्षात फुटला ६५ ला! म्हणजे पद्धत बरोबर होती, वापरणाऱ्याने घाई केली. आमच्याकडेही नवीन मुलं मेश घालून सॉल्व्हर (गणित सोडवणारा प्रोग्राम) चालवतात आणि रंगीत चित्र बघून खूश होतात. त्यांना शिकवायला हवं हे शंभर टक्के खरं. पण म्हणून प्रत्येक भागाची तोडफोड करायची?

सेफ्टी लॅब पुणे
दोघंही एक गोष्ट गृहीत धरताय की प्रत्यक्ष चाचणी म्हणजे वास्तव. मी गाडीत माणसाच्या जागी डमी (पुतळा) बसवून क्रॅशच्या चाचण्या घेते. आमच्या लॅबमधला हायब्रिड थ्री हा डमीसुद्धा एक मॉडेलच आहे. मुळात १९७६ चा, सुमारे ७८ किलोचा, १७५ सेंटिमीटर उंचीचा पुरुष. माझ्या आईची उंची १४८ आहे आणि ती सीट पुढे ओढून, स्टीअरिंगला जवळजवळ चिकटून बसते. भिंतीवर आदळणारी गाडी खरी असते, पण तिच्यात माझी आई नसते. टोयोटाने थम्स नावाचं मानवी शरीराचं संगणक मॉडेल तयार केलं, त्यात हाडं, स्नायू, अंतर्गत अवयव आहेत, लहान चणीची स्त्री आहे, मूल आहे. २०२१ पासून ते फुकट मिळतं. माझ्या आईच्या बरगड्यांचं काय होईल हे विचारायची सोय मला तिथेच आहे. म्हणून ‘प्रत्यक्ष ते खरं’ या वाक्यावर माझा तरी विश्वास उरलेला नाही.

पॅटर्नमेकर काका
ताई, तुमचं म्हणणं माणसाच्या शरीराला लागू आहे. शरीर कापून बघता येत नाही, म्हणून मॉडेल लागतं. कास्टिंग कापता येतं. मी बत्तीस वर्षं सागवानी पॅटर्न केले. कापलेला तुकडा हातात घेतला, दाणा बघितला, की कुठल्या पाळीत वाळू कोरडी होती तेही सांगता यायचं. हे ज्ञान त्या रिपोर्टात कुठून येणार? कापणं बंद झालं तर पुढच्या पोरांची नजर कशी तयार व्हायची, भावांनो?

छोटी फौंड्री
मी दोन भट्ट्या चालवतो, म्हणून पैशाचं बोलतो. नमुना कापला की ते कास्टिंग गेलं, वीज गेली, दोन दिवस गेले, आणि ते बिल गिऱ्हाईक देत नाही. सिम्युलेशन बाहेरून करून घेतलं तर एकदाच पैसे जातात. त्यामुळे ही अट मला सोयीची आहे, हे मी उघड सांगतो. फक्त त्यात एक ओळ नाही. रिपोर्ट स्वच्छ असताना मशीनिंगनंतर पोकळी निघाली तर रिजेक्शन कुणाच्या नावावर?

शिरोलीचा फौंड्रीवाला
आमच्याच. मी विचारलं होतं, लेखी उत्तर आलंय.

ताईंचा मुद्दा मात्र मला हलवून गेला. जिथे कापता येत नाही तिथे मॉडेलला पर्याय नाही, हे मी मनापासून मानतो. मेशवाले म्हणतात तसं ओलावा आणि साच्याची हार्डनेस दर पाळीला मोजून सॉफ्टवेअरला देणं आम्ही या सोमवारपासून सुरू करतोय. पण भिंत किती सरकली याचा आकडा मॉडेलला द्यायला तो आधी कुठून तरी मिळायला हवा, आणि तो कापलेल्या कास्टिंगमधूनच मिळतो. म्हणून गिऱ्हाइकाला उत्तर लिहिलंय : पहिल्या तीन हीटमधलं (भट्टीच्या फेऱ्यांमधलं) प्रत्येकी एक कास्टिंग आम्ही आमच्या खर्चाने कापणार, फोटो रिपोर्टसोबत जोडणार. ते नाही म्हणाले तर जॉब सोडायची माझी तयारी आहे. मालकांची आहे का, ते उद्या कळेल.

मेशवाला हिंजवडी
तिन्ही तुकड्यांचे फोटो आणि वाळूचे आकडे मला पाठवा. तुमचं मॉडेल मी पुन्हा चालवून बघतो. माझं मत अजून तेच आहे, पण ती मसुराएवढी पोकळी त्यात दिसली नाही तर इथेच येऊन तसं लिहीन.