मदत हवी आहे: बी-१२ घेऊनही तोंडात सारखे छाले येऊन राहिले

थीटा_सर (रात्री ११:५२)
कोणी पटकन सांगा. आठ-नऊ महिन्यांपासून तोंडात छाले येऊन राहिले, एक बरा होत नाही तं दुसरा तयार. दर वेळी जागा वेगळी, कधी ओठाच्या आत, कधी गालात, आत्ता एक जिभेच्या टोकावर आणि एक कडेला. बीकासूल झालं, लावायची मलमं झाली, ज्येष्ठमध झालं. बी-१२ कमी आलं म्हणून इंजेक्शनं घेतली, पंधरा दिवस बरं वाटलं आणि परत तेच. मी क्लासमध्ये गणित शिकवतो, सध्या त्रिकोणमिती सुरू आहे. साइन, सेक, कोसेक, स्क्वेअर, सगळीकडे मेला स! प्रत्येक स ला जीभ दाताला घासते आणि डोळ्यात पाणी येते. परवा मागच्या बाकावरची पोरं 'शाइन श्क्वेअर थीटा' करून हसत होती. डॉक्टरला दाखवा असं कृपया लिहू नका, दोघांना दाखवलं. काय घेऊ तेवढं सांगा.

गावरान_तूप
उष्णता आहे, दुसरं काही नाही. झोपताना छाल्यावर साजूक तूप, सकाळी जाईची कोवळी पानं चावून थुंकायची. पोट साफ ठेवा. तिखट सावजी मटण बंद करा.

थीटा_सर
मी सावजी खात नाही, शाकाहारी आहे.

बर्डीवाला
सर तंबाखू-सुपारीचा खर्रा किती होते दिवसाचा? खरं सांगा.

थीटा_सर
नाही खात भाऊ. आणि मी नागपूरचा हे कुठं लिहिलं?

बर्डीवाला
'येऊन राहिले' वाचलं नं बाप्पा. राग मानू नका. माझ्या मावसभावाला तिखट झोंबायचं, तोही छाले छाले करत होता, मग तोंड उघडेना, दोन बोटं जाईनात. खर्र्यानं झालं होतं ते. म्हणून विचारलं.

लॅबवाला
कमी म्हणजे किती? इंजेक्शनं किती घेतली, कधी थांबवली? वय? सीबीसी म्हणजे रक्तपेशींची मोजणी केली का, फेरिटिन म्हणजे साठलेलं लोह, ते केलं का? शुगरसाठी मेटफॉर्मिन? बाकी कुठली गोळी रोज? एवढं कळल्याशिवाय कोणी काय सांगणार.

फेसवाली
टूथपेस्ट बदला!! एसएलएस म्हणजे सोडियम लॉरिल सल्फेट, फेस येतो तो त्याच्यामुळेच. मी बिनफेसाची पेस्ट लावायला लागले तेव्हापासून वर्षात दोनदाच तोंड आलं, आधी महिन्याला यायचं. डब्यावर मागे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं ते वाचा.

गावरान_तूप
आमच्या आजीनं पेस्ट कधी पाहिली नव्हती तरी तिचं तोंड यायचं.

फेसवाली
मग तूप असूनही यायचं म्हणजे.

थीटा_सर
वय ३८. बी-१२ १४२ होतं. इंजेक्शनं पाच, एक दिवसाआड, दिवाळीत संपली, त्यानंतर काही नाही. हिमोग्लोबिन १२.६, डॉक्टर म्हणाले चालते. फेरिटिन माहीत नाही. शुगर नाही. गोळी कुठलीच नाही.

गोळीवाला_पुणे
पाच इंजेक्शनं घेऊन थांबलात तिथंच चुकलं. अंडी-मांस नाही, दूध-दह्यातून मिळेल तेवढंच, मग टाकी भरली तरी परत रिकामी होणारच. इस्राएलमध्ये २००९ साली एक प्रयोग छापून आला होता, ५८ जणांना रोज १००० मायक्रोग्रॅम बी-१२ किंवा नुसतीच खोटी गोळी, सहा महिने, जिभेखाली. शेवटच्या महिन्यात गोळीवाल्यांपैकी साधारण ७४ टक्के लोकांना छाले नव्हते आणि खोट्या गोळीवाल्यांत ३२ टक्के. गंमत म्हणजे ज्यांचं बी-१२ कमी नव्हतं त्यांनाही फायदा झाला. मी दोन वर्षं घेतोय.

लॅबवाला
५८ माणसं म्हणजे फार नाहीत, पण मुद्दा ठीक आहे. फक्त सर, रक्त पुन्हा द्यायचं असेल तर आधी गोळी सुरू करू नका, आकडा वाढलेला दिसेल आणि काहीच कळणार नाही.

संत्राबर्फी
फॉलिक अॅसिड घ्या, माझ्या नणंदेला त्यानंच गुण आला.

लॅबवाला
ताई, बी-१२ कमी असताना नुसतं फॉलिक देऊ नये. रक्त सुधारल्यासारखं दिसतं आणि नसांचं नुकसान आतून चालूच राहतं. सर, हातापायाला मुंग्या येतात का?

थीटा_सर
नाही. खडू धरून हात दुखतो तेवढंच.

हिरवा_चहा
शाकाहारींनी स्पिरुलिना घ्यावं, भरपूर बी-१२.

गोळीवाला_पुणे
त्यातलं बी-१२ शरीराला वापरता येत नाही, नुसतं तसं दिसणारं असतं. कृपया लोकांना फसवू नका.

निशा_किचन
ओठांचे कोपरे चिरत असतील तर रात्री लोणी लावा आणि ओठ चाटू नका.

थीटा_सर
ताई कोपऱ्यांचं मी काही विचारलं नाही.

दातांची_ताई (चंद्रपूर)
सर, तो कडेचा छाला केव्हापासून आहे?

थीटा_सर
कडेचा जुना आहे, सव्वा महिना होत आला असेल.

दातांची_ताई
वर तर लिहिलंय दर वेळी जागा वेगळी!

थीटा_सर
बाकीच्यांची वेगळी. हा एक तिथंच आहे. तेवढा दुखत पण नाही, म्हणून त्याचं टेन्शन नव्हतं.

दातांची_ताई
मला त्याचंच आहे. साधा छाला एक-दोन आठवड्यांत भरतो. तीन आठवड्यांवर एकाच जागी राहिलेला, त्यातून जिभेच्या कडेला, तो बघितलाच पाहिजे, दुखो न दुखो, खर्रा खा न खा. शेजारचा दात तुटलाय का?

थीटा_सर
हो, खालची दाढ. चणे खाताना तुकडा गेला होता.

दातांची_ताई
उद्या सकाळी मेडिकलच्या, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या आवारात शासकीय दंत महाविद्यालय आहे, तिथं ओपीडीत जा. दाढ घासून गुळगुळीत केल्यावर छाला भरायला लागला तर दाढेचं काम. नाही भरला तर छाल्याचा छोटा तुकडा तपासायला घेतील. क्लासची वेळ असेल तर त्रिकोणमिती एक दिवस थांबेल.

बर्डीवाला
जातानी तिखट तर्री पोहे टाळा सर. येतानी पण.

तर्रीप्रेमी
तर्रीचा नि छाल्यांचा काय संबंध, आम्ही रोज खातो. मेडिकल चौकात सकाळी कुठं चांगली मिळते सध्या?

थीटा_सर (१२ दिवसांनी)
दाढ घासली. कडेचा छाला आता राईच्या दाण्याएवढा उरला, आठवड्यानं परत बोलावलं आहे. रक्तही दिलं. बी-१२ १६८. एमसीव्ही ८४ आहे म्हणजे नॉर्मल, पण फेरिटिन ७. हे कमी आहे का? आणि लॅबवाले भाऊ, एक राहिलं होतं. सकाळी उपाशीपोटी अॅसिडिटीची गोळी घेतो, पॅन्टोप्राझोल, तीनेक वर्षं झाली. ती काही औषधात मोजत नाही म्हणून लिहिली नव्हती.

लॅबवाला
फेरिटिन ७ म्हणजे तळ दिसला. एमसीव्हीवर जाऊ नका, ती लाल पेशींच्या आकाराची सरासरी आहे. बी-१२ कमी पडलं की पेशी मोठ्या होतात, लोह कमी पडलं की बारक्या. दोन्ही कमी असलं की अर्ध्या मोठ्या अर्ध्या बारक्या आणि सरासरी मस्त. तुम्हाला गणितवाल्याला मी काय सांगू. अॅसिडिटीची गोळी वर्षानुवर्षं घेतली तर बी-१२ आणि लोह दोन्ही कमी शोषलं जातं, मनानं बंद करू नका पण डॉक्टरना सांगा. चहा जेवणावर पिता?

थीटा_सर
दोन बॅचच्या मधे जेवण आणि लगेच चहा.

लॅबवाला
तासभर पुढं ढकला. जेवताना लिंबू पिळा, नाहीतर संत्रं खा, गावचंच आहे. पण खरा प्रश्न वेगळा आहे. बायकांचं लोह पाळीत जातं. ३८ वर्षांच्या पुरुषाचं एवढं खाली का गेलं? नुसती गोळी घेऊन उपयोग नाही, कुठून रक्त जातंय का ते बघायला लागतं.

थीटा_सर (रात्री १२:२०)
मूळव्याध आहे. वर्ष झालं. जाते अधूनमधून, कधी कधी बरंच. तोंडाचा प्रश्न होता म्हणून लिहिलं नाही.

दातांची_ताई
अहो सर! पण त्या दोन्ही डॉक्टरांना तरी सांगितलं होतं ना?

थीटा_सर
दोघी लेडीज डॉक्टर आहेत. त्यातली एक माझ्या दहावीच्या बॅचमधल्या पोराची आई. तिला कसं सांगू.

लॅबवाला
मग मेडिकलला सर्जरीची ओपीडी गाठा, तिथं कोणाची आई भेटणार नाही. मूळव्याधच आहे की आणखी काही ते आधी तपासून घ्या, स्वतःच ठरवू नका. आयर्नच्या गोळीनं शौच कडक होते, ते पण तिथंच विचारा.

बर्डीवाला
भेटली तरी सांगून टाका सर, 'शाइन श्क्वेअर' पेक्षा ते बरं.

गावरान_तूप
मूळव्याध म्हणजे उष्णताच की, मी काय म्हणत होतो! सुरणाची भाजी करा, तुपात.