लेणं : डोंगराचा दागिना?

प्रश्न : नाशिकला पांडवलेणी बघायला गेलो होतो. गाइड म्हणाला, "डोंगराने ल्यालेले दागिने, म्हणून लेणी." खरं आहे का हे?

– गोड आहे, खरं नाही. अंगावर ल्यायचं लेणं निराळं. कोरलेलं लेणं संस्कृत 'लयन'वरून आलं. 'ली' म्हणजे दडणे, विसावणे. पालीत 'लेण' म्हणजे आसऱ्याची जागा. पुरावा तुम्ही पाहून आलात त्याच डोंगरावर आहे. दहाव्या लेण्यात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. भाषा बरीचशी संस्कृत, पण कोरलंय काय, तर 'लेणं कारितं इमा च पोढियो', म्हणजे लेणं करवलं आणि या पोढ्याही. लिहिणाऱ्याला संस्कृत प्रतिशब्द सुचला नाही की लोकांच्या तोंडचाच बरा वाटला, कोण जाणे! पांडव मागून चिकटले, 'लेणं' मात्र मूळचं.

– हे वाचता आलं प्रिन्सेपमुळे, ते राहिलं. कलकत्त्याच्या टांकसाळीत धातूचा कस पाहणारा माणूस. १८३७ साली त्याच्यापुढे सांचीच्या लेखांचे ठसे होते. लेख तोकडे, आणि शेवटी बहुधा तीच दोन अक्षरं. देवळाच्या पायरीवर, फरशीवर आपल्याकडे देणगीदाराचं नाव असतं ना, तसंच हे असणार हे त्याने ताडलं. शेवटचा शब्द 'दानं', त्याआधीचा 'स' षष्ठीचा : अमक्याचं दान. तिथून या लेखांची ब्राह्मी लिपी उलगडत गेली.

– एकट्या साहेबाला श्रेय नको. पश्चिमेकडच्या लेण्यांतले लेख नेटाने उतरवून घेतले ते जुनागढच्या भगवानलाल इंद्रजींनी. भाऊ दाजी लाडांकडे तयार झालेले पंडित. १८८१ साली या लेखांचं पुस्तक निघालं, त्यावर पुरातत्त्वज्ञ जेम्स बर्जेसच्या जोडीला त्यांचंही नाव आहे.

प्रश्न : आणि 'पोढी' म्हणजे?

– लेण्याशेजारी खडकात खोदलेलं पाण्याचं टाकं. कान्हेरीच्या लेखांत 'पानियपोढी' असंही येतं. आता सगळे टाकंच म्हणतात. पोढी उरली लेणी हिंडणाऱ्यांच्या बोलण्यात.

– फलकांवर 'गुहा' लिहितात त्याचं काय? गुहा आपोआप झालेली, लेणं छिन्नीने केलेलं. इंग्रजीत दोन्हींना 'केव्ह', आणि आपण तिथून उलटं भाषांतर करून बसलो. कार्ल्याचा चैत्य, म्हणजे प्रार्थनेचं लेणं, पुरा करणारा वैजयंती नगरीचा शेठ भूतपाल बघा, तो सरळ 'सेलघर' म्हणतो. शैलगृह. वर 'जंबुद्वीपात उत्तम' हेही कोरून ठेवलंय.